साडीवर काचेच्या बांगड्या कशा जुळवाव्यात

साडी सोबत न्या, फोटो नको. मोबाइलचा कॅमेरा उजेड बघून रंग स्वतःच बदलतो. मापाच्या चार बांगड्या काढून घ्या. इथवर कुणालाही जमतं.

गोची आहे उजेडाची. भाचीच्या लग्नात नेसायच्या जांभळ्या साडीवर मी जळगावात जांभळ्या बांगड्या घेतल्या. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली दोन्ही एकजीव. रात्री मांडवात पिवळे दिवे लागले, साडी होती तशीच आणि बांगड्या पार लालसर. सासूबाई हात धरून म्हणाल्या, ‘व माय, हाई काय लई उनी?’ म्हणजे, अगं बाई, हे काय घेऊन आलीस?

आरपार जांभळी काच निळा आणि लाल, दोन्ही उजेड पार जाऊ देते. पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर, गडद लाल बेताचा. पिवळ्या दिव्यात उलटं. साडीचा रंग वेगळ्या द्रव्याचा, तो काचेइतका हलत नाही. म्हणून एका उजेडात जमलेली जोडी दुसऱ्यात फुटते.

‘उन्हात धरून बघा’ सांगणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. ऊन काचेवर नुसतं चमकतं, त्यात फिकं-गडद कळत नाही. शिवाय आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत आपल्याकडे बाजारात दुकानांपुढे हिरवी नेट ताणलेली असते. तिच्याखालचा उजेडही हिरवट, लाल बांगडी तिथे मळकी दिसणारच. नेट संपते तिथवर चालत जा आणि एखाद्या इमारतीच्या सावलीत उभ्या राहा. बांगड्या हातात घालूनच बघा, पदर मनगटाला लागून धरा. दुकानदाराच्या लाल मखमलीवर बघू नका, काचेतून खालची मखमलच डोकावते. एकटी बांगडी फिकी वाटते, चार एकत्र आल्या की रंग गडद होतो.

मग पिवळा दिवा. दुकानात नसेल तर डझनभर न घेता त्या चारच घरी आणा आणि खोक्यावर २७०० के लिहिलेल्या बल्बखाली रात्री बघा. ६५०० के म्हणजे पांढरा, तो दुकानात बघून झालाय.

फिक्या जांभळट काचेची एक जात निओडिमियम नावाचा धातू घालून करतात. ती उन्हात जांभळी, ट्यूबलाइटखाली निळसर. तिच्या वाटेला जाऊ नका.

सावलीत जमलं आणि पिवळ्यात बिघडलं, तर कार्य कधी आहे ते बघा. रात्रीचं असेल तर पिवळ्याचं ऐका. दिवसभराचं असेल तर सरळ हिरव्या घाला. त्या साडीशी जुळाव्यात अशी अट आपल्याकडे कुणी घालत नाही.