रबराची आयात मोठी आहे, म्हणून विदर्भात रबर लावू नका

मृग तोंडावर आला की रोपं विकणाऱ्या गाड्या गावोगाव फिरतात. सागवान, महोगनीसोबत कुणी रबराचं रोप पुढे केलं आणि "देशाला रबर कमी पडतंय" असं सांगितलं, तर ती माहिती खरी आहे. पण त्यावरून आपल्या वावरात रबर लावायचं, हा सल्ला साफ चुकीचा आहे.

आपल्या देशात वर्षाला साधारण 8.5 लाख टन नैसर्गिक रबर निघतं आणि खप 14 लाख टनांच्या घरात आहे. त्यामुळे 5 लाख टनांच्या आसपास माल थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम, आयव्हरी कोस्ट अशा देशांतून येतो. युरोपात तर हे झाड वाढतच नाही, त्यामुळे तिथल्या टायर कारखान्यांचं सगळंच नैसर्गिक रबर बाहेरचं. म्हणूनच युरोपीय संघ कच्च्या रबरावर आयात शुल्क लावत नाही. आपल्याकडे केरळ, त्रिपुरातले उत्पादक सांभाळायचे असतात, म्हणून सुक्या रबरावर 25 टक्के किंवा किलोमागे 30 रुपये, यांत जे कमी असेल ते शुल्क आहे.

आता आपली जमीन बघा. रबराला वर्षभर विभागून पडणारा 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दमट हवा आणि पाणी न साचणारी आम्लधर्मी जमीन लागते. अकोला-बुलडाण्याकडे 700-800 मिलिमीटर पाऊस, जमीन काळी, भारी, चुनखडीची. उन्हाळ्यात भेगा पडणारी. गडचिरोली-गोंदियाचे शेतकरी म्हणतील, आमच्याकडे पाऊस भरपूर आहे. आहे, पण तो चार महिन्यांत पडून जातो. पुढचा कोरडा काळ आणि मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन या झाडाला सोसत नाही. शिवाय चीक काढायला सातवं वर्ष उजाडतं. आपल्या राज्यात रबर दिसतं ते सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीकडे. धुऱ्यावर काही लावायचंच असेल, तर बांबू लावा.

युरोपच्या रबर आयातीतून आपण घ्यायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. शुल्क नसलं तरी तिथे नवा नियम येतोय: 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीवरचा माल चालणार नाही आणि तो नेमका कोणत्या शेतात पिकला, ते नकाशावर दाखवावं लागेल. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण हा नियम कोणत्या मालाला लागू होणार, ती यादी ठरलेली आहे. त्या यादीत रबरासोबत सोयाबीनही आहे, आणि सोयाबीनची ढेपसुद्धा, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. आपलं सोयाबीन जनुकीय बदल न केलेलं असल्यामुळे त्याच्या ढेपेला युरोपात गिऱ्हाईक आहे. आपली वावरं पिढ्यान्‌पिढ्या वाहितीतली आहेत, त्यामुळे नियमाची भीती नाही. अडेल ते फक्त पुराव्यावाचून.

म्हणून यंदा पेरणी झाली की ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर करायची पिकाची नोंद, स्वतः करा. फोटो त्याच गटात उभं राहून काढा आणि सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद आली का, ते तपासा. ठोक्याने किंवा बटईने शेत करत असाल, तर मालकाशी आधीच बोलून घ्या, नाहीतर नोंद भलत्याच पिकाची राहते. बियाण्याची पावती, पिशवीचं लेबल जपून ठेवा. शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद असाल, तर सगळ्यांचे गट क्रमांक आणि शेताच्या चतुःसीमा तिच्याकडे आताच नोंदवून घ्या.

पेरणीची घाई नको. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय तिफण काढू नका. घरचं बियाणं असेल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 70 किंवा जास्त उगवले तर हेक्टरी 75 किलो बियाणं पुरे, कमी उगवले तर त्या हिशेबाने वाढवा.

आणि ट्रॅक्टर सध्या उभा असेल तर सावलीत घ्या, टायरवर सांडलेलं डिझेल-ऑइल पुसून टाका आणि पेरणीआधी हवा तपासा.