घाऊक पाट्यांच्या कामाचा दर कसा काढावा

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत उलव्याकडे नव्या इमारतीचा ताबा मिळाला की पाट्यांचं काम निघतंच. दारावरची नावं, मजल्यांचे आकडे, पार्किंगचे नंबर, मीटर रूम, जिना. कमिटीतलं कुणीतरी दुकानात येतं, एका पाटीचा भाव विचारतं आणि लगेच पुढचं वाक्य टाकतं, "आमच्या २४० आहेत, कितीला बसेल?" नवा दुकानदार सुट्या पाटीचा भाव मनात धरतो, त्यातून वीस-तीस टक्के उडवतो आणि आकडा बोलून मोकळा होतो. मग काम संपल्यावर गल्ल्यात काय उरलं ते शोधत बसतो.

घाऊक कामात काही खर्च खरंच उतरतात, काही तसूभरही हलत नाहीत आणि एखाददुसरा चक्क वाढतो. सूट द्यायची ती उतरलेल्या खर्चातूनच. त्यामुळे आकडा तोंडावर सांगू नका, "उद्या संध्याकाळपर्यंत कोटेशन पाठवतो" एवढंच म्हणा. गिऱ्हाईक तेवढ्याने पळून जात नाही, आणि जाणारं असेल तर ते फक्त भाव काढायला आलेलं होतं.

काम नेमकं काय आहे ते लिहून घ्या

मटेरियल, जाडी, माप, पाटी आत लागणार की उन्हापावसात, फिटिंग कोण करणार, ही नेहमीची यादी. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: सगळ्या पाट्या सारख्या की प्रत्येक वेगळी?

पार्किंगच्या २४० पाट्यांमध्ये फक्त आकडा बदलतो. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा मांडणी केली की प्रिंट मर्जने (यादीतले आकडे मांडणीत आपोआप भरणारी सोय) सगळे नंबर तासाभरात तयार होतात. दारावरच्या २४० पाट्या म्हणजे मात्र २४० छोटी कामं आहेत. कुणाला नावाआधी डॉक्टर हवं, कुणाला आईचं नाव जोडायचंय, कुणी इंग्रजीत नाव पाठवतो आणि मराठीत 'कुलकर्णी' की 'कुळकर्णी' ते तुम्ही ओळखायचं. संख्या वाढली म्हणून पाटीमागचा हा वेळ कमी होत नाही. म्हणून कोटेशनमध्येच लिहा: सर्व नावं सेक्रेटरींच्या सहीने एकाच एक्सेल यादीत यावीत, एक प्रूफ (तपासायला पाठवलेला नमुना) आणि एक दुरुस्ती दरात धरली आहे, त्यानंतरच्या बदलाला पाटीमागे वेगळे पैसे. व्हॉट्सअ‍ॅपवर सुटी नावं अजिबात स्वीकारू नका.

आणि जागेवर जाऊन भिंत बघा. गुळगुळीत टाइलवर किंवा लॅमिनेटवर फोम टेप छान धरते. खरखरीत टेक्स्चर पेंटवर ती काही दिवसांत सोडते, तिथे ड्रिल, प्लग आणि स्क्रू लागतात. याने दर किती हलतो ते पुढे येईलच.

शीटमध्ये किती पाट्या बसतात ते आधी मोजा

अ‍ॅक्रिलिक, एसीपी (दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पत्रा असलेली शीट), सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड), सगळ्यांची रुळलेली शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे ९६ बाय ४८ इंच. गिऱ्हाइकाने १२ बाय ६ इंचाची पाटी मागितली. कागदावर आडव्या ८ आणि उभ्या ८, अशा ६४ बसतात. प्रत्यक्षात कटिंगमध्ये थोडी जागा जाते, शीटच्या कडा खरचटलेल्या असतात, आणि शेवटची ओळ हातची जाते. उरतात ७ गुणिले ७, म्हणजे ४९.

आता माप पाव इंचाने कमी करा: पावणेबारा बाय पावणेसहा. आठ पाट्यांना लांबीत ९४ इंच लागतात आणि रुंदीत ४६. दोन्हीकडे २ इंच मोकळे राहतात आणि ६४ आरामात बसतात. लेझर कटिंग मशीनचा बेड, म्हणजे शीट ठेवायची जागा, लहान असल्यामुळे शीट मधोमध कापावी लागली तरी गणित बिघडत नाही.

२४० पाट्यांसाठी तुटफूट आणि चुकलेली नावं धरून किमान २५० कापायला हव्यात. ४९च्या हिशेबाने ६ शीट लागतात, ६४च्या हिशेबाने ४. शीट ३,२०० रुपयांना धरली तर फरक ६,४०० रुपयांचा, शिवाय चार शीटमधून निघालेल्या २५६ पाट्यांपैकी १६ हाताशी राहतात. दारावर लागलेल्या पाटीत पाव इंच कुणाच्या लक्षात येत नाही, पण माप बदलतोय हे कमिटीला आधी सांगा आणि लिहून घ्या. माझ्या मते घाऊक कामात नवख्याला पैसे वाचवायची सर्वात मोठी संधी इथेच आहे. बहुतेक जण ती सोडून जॉबवर्कवाल्याशी, म्हणजे कटिंग-छपाई करून देणाऱ्याशी, रुपया-दोन रुपयांची घासाघीस करत बसतात.

खर्चाचा कागद

नव्या धंद्यात स्वतःचं लेझर किंवा यूव्ही (थेट शीटवर छापणारं) मशीन नसतं आणि नसावंच. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथे जॉबवर्क करून देणारे आहेत. खालचे दर नमुन्यादाखल धरले आहेत, तुमच्या पुरवठादाराचे त्या दिवशीचे दर टाका. पद्धत तीच राहते.

अ‍ॅक्रिलिक ३ मिमी, ४ शीट, ३,२०० प्रमाणे: १२,८०० रुपये
यूव्ही प्रिंट, १२० चौरस फूट, ९० प्रमाणे: १०,८०० रुपये
लेझर कटिंग, २५६ पाट्या, प्रत्येकी सव्वा मिनिट, मिनिटाला १५: ४,८०० रुपये
फोम टेप, पाटीमागे १०: २,४०० रुपये
डिझाइन आणि प्रूफ, नावामागे ४ मिनिटं म्हणजे १६ तास, तासाला २००: ३,२०० रुपये
फिटिंग, ७ दिवस, फिटर आणि हेल्पर मिळून दिवसाला १,८००: १२,६०० रुपये
पॅकिंग आणि टेम्पो: १,५०० रुपये
बेरीज: ४८,१०० रुपये

फिटिंगचे ७ दिवस कुठून आले? एका दाराला ८ मिनिटं: बेल वाजवणं, पृष्ठभाग पुसणं, लेव्हल लावणं, लिफ्टची वाट बघणं. २४० दारांचे ३२ तास. सोसायटीत दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त काम होत नाही, वॉचमनकडे नोंद करण्यापासून दुपारच्या शांततेपर्यंत सगळं त्यात येतं. म्हणजे ६ दिवस, आणि बंद सापडलेल्या दारांसाठी आणखी एक. दोनशेवं दारसुद्धा पहिल्याइतकाच वेळ घेतं. घाऊकपणाचा इथे काडीचा फायदा नाही.

भिंत खरखरीत निघाली तर दारामागे १५ मिनिटं धरा. ६० तास, म्हणजे १० दिवस अधिक एक. फिटिंग १९,८०० वर जातं. भिंत न बघता दिलेल्या दरात पाटीमागे ३० रुपये असे गेले, स्क्रू आणि प्लग निराळे.

या बेरजेत दुकान कुठेच नाही. भाडं, वीजबिल, फोन, संगणकाचा हप्ता आणि तुमचा स्वतःचा पगार, हे सगळं मिळून महिन्याला समजा ६०,००० होतं. कामाचे दिवस २५ धरले तर दिवसाचे २,४००. हे काम दुकानाचे एकूण ५ दिवस खाणार असेल तर १२,००० मिळवा. खरा खर्च ६०,१०० रुपये झाला. स्वतःचा पगार नफ्यातून काढू, असं पुष्कळ जण म्हणतात. तसं केलं की नफा कधी दिसतच नाही आणि उद्या माणूस ठेवायची वेळ आली की दर परवडत नाही.

नफा लावा आणि सवलतीचं गणित समजून घ्या

२० टक्के नफा हवा म्हणून खर्चावर २० टक्के चढवले तर ७२,१२० होतात. पण त्यात विक्रीवरचा नफा पावणेसतरा टक्केसुद्धा नसतो. विक्रीच्या २० टक्के हवे असतील तर खर्चाला ०.८ ने भागा: ७५,१२५. पाटीमागे ३१३ रुपये, एकूण ७५,१२०. हा दर जीएसटी सोडून.

कमिटी म्हणेल, "दहा टक्के तरी कमी करा." दहा टक्के म्हणजे ७,५१२ रुपये, आणि तुमचा नफा आहे १५,०२०. ऐकायला लहान वाटणारी ही सूट निम्मा नफा घेऊन जाते. म्हणून टक्के कमी करू नका, काम कमी करा. नावांची यादी त्यांनी तपासून टाइप करून दिली तर डिझाइनचे काही तास वाचतात. दारं उघडी राहतील असे दोन रविवार त्यांनी ठरवून दिले तर बंद दारांसाठी धरलेला जादा दिवस वाचतो. जेवढं वाचेल तेवढं खुशाल कमी करा, आणि ते कशामुळे कमी झालं हेही कोटेशनमध्ये लिहा. चेअरमनना सभेत सांगायला काहीतरी मिळतं.

संख्येचा टप्पाही बांधून घ्या. २४० म्हणतात आणि पैसे भरतात १७० जण, बाकीची घरं रिकामी किंवा भाड्याने दिलेली. ३१३चा दर २०० किंवा जास्त पाट्या एकदम दिल्या तरच, त्याहून कमी असतील तर वेगळा दर, आणि नंतर एकेक करून येणाऱ्यांना सुट्या पाटीचा भाव. हे आधी लिहिलं नाही तर वर्षभर लोक "सोसायटीच्या दरात" एक पाटी मागायला येत राहतात.

दुकानांच्या मराठी पाट्या

साखळी दुकानांची कामंही घाऊक येतात. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने मराठी देवनागरी पाटी सर्वांना बंधनकारक झाली. मराठी अक्षरं आधी हवीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कामांची झुंबड उडाली होती.

इथे दराचा घोळ वेगळाच असतो. उठावाच्या अक्षरांचा बाजारभाव बहुधा अक्षराच्या उंचीवर, इंचामागे आणि नगावर चालतो. इंग्रजी अक्षरांना हे ठीक आहे. देवनागरीत 'मिष्टान्न' ही किती नगं? वेलांटी, रफार, अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतो, मग उंची कुठून कुठे मोजायची? दोघांनी दोन प्रकारे मोजलं की बिलाच्या दिवशी वाद ठरलेला. मी सुचवीन की देवनागरी कामात नगावर दर देऊच नका. मात्रांसकट पूर्ण नावाची लांबी-उंची मोजून, अक्षरांना जाडी देणाऱ्या बाजूच्या पट्टीची लांबी आणि एलईडी मॉड्यूल यांचा हिशेब करून एका नावाचा एक दर द्या. वीजपुरवठा थोडा मोठाच धरा: २०० वॉटच्या मॉड्यूलना २५० वॉटचा एसएमपीएस. बाहेरच्या कामात परांची, पावसाळ्यात वाया जाणारे दिवस आणि महापालिकेच्या परवानगीचं शुल्क कुणी भरायचं, या तीन ओळी स्वतंत्र लिहा.

कर आणि पैसे

बहुतेक पाट्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी असेल तर खरेदीवर भरलेला कर वळता होतो. नसेल तर तो खर्चच आहे: वरच्या उदाहरणात मटेरियल आणि जॉबवर्क ३०,८००चं, त्यावर ५,५४४ रुपये, पाटीमागे २३. नोंदणी नसलेला दुकानदार नेहमी स्वस्त पडतो, हा समज इथे गळून पडतो. पाटी आणि फिटिंग दोन्ही देत असाल तर नोंदणीची मर्यादा कोणती लागू होते ते सीएकडून एकदा समजून घ्या. मोठ्या कंपन्या बिलातून टीडीएस कापतात. तो परत मिळतो, पण उशिरा, तेव्हा रोकड मोजताना लक्षात ठेवा.

अ‍ॅडव्हान्स निम्मा घ्या. ३७,५६० मध्ये मटेरियल आणि जॉबवर्क सुटतं, म्हणजे तुमच्या खिशातून माल जात नाही. ४० टक्के माल पोहोचल्यावर, १० टक्के फिटिंगनंतर. त्या शेवटच्या हप्त्याला "उपलब्ध दारांवर फिटिंग झाल्यावर" अशी अट घाला. नाहीतर दुबईला गेलेल्या एका घरमालकापायी पैसे अडकतात.

कंपन्या अ‍ॅडव्हान्सला नाक मुरडतात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ती मोफत आहे. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत चुकवली तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा होतो, अशी तरतूद आयकरातही १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सवाले लवकर हलतात.

एक नमुना पाटी आधी बनवून द्या, पण पैसे घेऊन. ऑर्डर आली तर बिलात वळती करा. कोटेशनवर १५ दिवसांची मुदत टाका, अ‍ॅक्रिलिकचे भाव हलत असतात.

काम संपलं की खर्चाच्या कागदावर शेजारी दुसरा रकाना आखा आणि खरे आकडे भरा: दारामागे ८ मिनिटं धरली होती, किती लागली; १६ जादा पाट्यांतल्या किती वापरल्या; टेम्पो एकदा गेला की दोनदा. फिटरला रोज संध्याकाळी झालेल्या दारांची संख्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला सांगितली तर हा रकाना आपोआप भरतो. पुढच्या सोसायटीचं कोटेशन या दुसऱ्या रकान्यावरून काढा.