नित्यनेम सारखा मोडतोय? या चुका टाळा

आषाढी झाली की आमच्या सोसायटीच्या देवळात संध्याकाळच्या हरिपाठाला, म्हणजे ज्ञानदेवांचे नामाचे अभंग म्हणायला, पंधरा-वीस नवी माणसं येतात. गणपतीपर्यंत त्यातली चार-पाच उरतात आणि दिवाळीला पुन्हा आम्ही जुनेच टाळ घेऊन बसलेलो असतो. गळालेली माणसं आळशी असतात असं मला अजिबात वाटत नाही. बहुतेकांचं नेम ठरवतानाच गणित चुकलेलं असतं. हे ठामपणे सांगतो, कारण मीही तिथेच आपटलो होतो.

उत्साहाच्या दिवशी नेम ठरवणं

पहिल्या वारीहून परतलो तेव्हा अंगात नुसतं वारं भरलं होतं. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय, रोज एक, म्हणजे अठरा दिवसांत पारायण. हिशोब सरळ वाटला. पहिला अध्याय २७५ ओव्यांचा, तासाभरात झाला. पाचवा तर जेमतेम १८० ओव्यांचा, त्या दिवशी स्वतःचंच कौतुक वाटलं. सहाव्यात ४९७, नवव्यात ५३५, अकराव्यात ७०८, तरी रेटत गेलो. बारावा २४७ ओव्यांवर आटोपला आणि हायसं वाटलं. मग आला तेरावा, ११७० ओव्या! (प्रतीनुसार दोन-चार ओव्या इकडेतिकडे होतात.) नेमकं त्याच दिवशी ऑफिसातून यायला साडेनऊ वाजले. सहाशे ओव्यांपर्यंत डोळे मिटायला लागले. उरलेल्या उद्या वाचू म्हटलं. उद्या म्हणजे उरलेल्या ५७० आणि वर चौदाव्याच्या ४१५. परवा मी ग्रंथ रुमालात बांधला, तो पुढच्या आषाढीपर्यंत सोडलाच नाही. अठरावा अध्याय १८१० ओव्यांचा आहे हे तर मला तोवर ठाऊकही नव्हतं.

सप्ताहात सात दिवसांत पारायण होतं, कारण तिथे पुढे बसून वाचन चालवणारा व्यासपीठचालक असतो, शंभर जणांचा आवाज असतो आणि जेवणाची काळजी दुसऱ्याने घेतलेली असते. घरी यातलं काहीच नसतं. सप्ताहाचा वेग घरात आणू नका.

घरचा हिशोब असा करा. सगळ्या ओव्या मिळून नऊ हजारांच्या थोड्या वर. रोज २५ वाचल्या तर साधारण ३६१ दिवसांत ग्रंथ पुरा होतो. वर्षात चार दिवस आजारपणाला उरतात ते वेगळेच. तेराव्या अध्यायाला असे ४७ दिवस लागतात आणि कुणाची दमछाक होत नाही. २५ जास्त वाटत असतील तर पाच वाचा, पाच वर्षं लागतील. घाई कुणाला आहे?

जपाचंही तेच. ‘रामकृष्णहरी’ न धावता म्हटलं तर १०८ मण्यांची एक माळ चारेक मिनिटांत होते. अकरा माळा म्हणजे पाऊण तास. रविवारी पाऊण तास सहज निघतो. पण घरात कुणाला ताप आहे, नळाला पाणी नाही आणि आठ-दहाची लोकल चुकली आहे, अशा सकाळी काय निघतं? तेवढाच तुमचा नेम. वर जे होईल ते वरकड.

याला संतांचा आधार नाही असं कुणी म्हणू नये. बाराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला म्हणतात, सगळं मन माझ्याकडे देणं जमत नसेल तर एक कर: ‘यया आठां पाहारांमाझारीं । मोटकें निमिषभरी । देतु जाय’. दिवसाच्या आठ प्रहरांतलं एक निमिष. पुढे माउली सांगतात की त्या निमिषाची गोडी लागली की विषयांची गोडी आपोआप कमी होते. शरदात नदी ओसरते तशी, पुनवेनंतर चंद्र रोज थोडा थोडा झिजतो तशी. दोन्ही दाखले मुद्दाम सावकाश चालणाऱ्या गोष्टींचे आहेत.

राहिलेल्याची थकबाकी ठेवणं

एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट माळा, तिसऱ्या दिवशी तिप्पट. सावकारी व्याज असंच वाढतं आणि शेवटी कर्जदार गाव सोडतो. चुकलेला दिवस सोडून द्या, आज आजचं म्हणा.

सुतक, सोयर, प्रवास, दवाखाना, या कारणांनीही कित्येकांचा नेम सुटतो तो कायमचा. पूजा कधी करावी, देवाला कधी शिवावं याचे घरोघरी वेगळे नियम आहेत, ते तुमच्या घरच्या रीतीने पाळा. नामाला मात्र ते लागू नाहीत. हरिपाठातच आहे, ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’. बायकांना तर पाळीच्या चार दिवसांत हरिपाठसुद्धा म्हणू नको असं सांगितलं जातं. वारकऱ्याच्या घरात हे का चालावं, मला कळत नाही.

‘माझं मन लागत नाही’

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. मन पळणारच. पळालेलं लक्षात आलं की काय करायचं एवढंच आपल्या हातात आहे. मनातल्या मनात जप करत असाल तर तो ओठांवर आणा. ओठांवर असेल तर आवाज थोडा वाढवा. स्वतःच्या कानाला ऐकू आलं की मन बरंचसं परततं. डुलकी लागत असेल तर उठा, गॅलरीत फेऱ्या मारत म्हणा.

हाताकडेही बघा. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी (माळेच्या जोडावरचा वेगळा मणी) आला की तो न ओलांडता माळ फिरवून उलटं निघायचं. घाईत माणूस नाम एकदा म्हणतो आणि मणी दोन ओढतो. अंगठा पुढे आणि जीभ मागे पडली की समजा, आता जप उरला नाही, मोजदाद उरली.

हरिपाठाची तर आम्ही लोकांनी एक्स्प्रेस केली आहे. २७ अभंग बारा मिनिटांत! कुठल्याच स्टेशनवर थांबा नाही. पाठ असण्याचा हा तोटा आहे. उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा टाळ घ्या. एकटे असलात तरी चालेल. टाळाच्या ठेक्यावर म्हणायला लागलात की पळताच येत नाही, आणि इतक्या वर्षांत न ऐकलेला एखादा शब्द अचानक ऐकू येतो.

मोबाईलवरचा हरिपाठ

दोन प्रकार आहेत. एक, स्क्रीनवर वाचणं. तिसऱ्या अभंगाला वरून निरोप टपकतो, ‘दूधवाल्याचे किती झाले?’, आणि आपण हिशोब करायला बसतो. दहा-वीस रुपयांची पुस्तिका देवघरात ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत.

दुसरा प्रकार, स्वयंपाकघरात यूट्यूबवर हरिपाठ लावून ठेवणं. छान आहे, घर प्रसन्न राहतं, पण ते श्रवण झालं. हरिपाठ सांगतो ‘हरि मुखें म्हणा’, आणि मुख आपलं हवं. पोळ्या लाटता लाटता त्या आवाजात आपला मिसळला तरी पुरे. जनाबाईही दळताना-कांडतानाच गात होत्या.

एकादशी

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वडे, चारला बटाट्याचे वेफर्स, आणि रात्री पित्त. एक वेळ भगर-आमटी किंवा फळं घ्या आणि वाचलेला वेळ नामाला द्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कॅलेंडरात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या दिसल्या तर वारकरी भागवत धरतात.

माळ घालण्याची घाई

कीर्तन रंगलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि सप्ताहाच्या शेवटच्या, काल्याच्या दिवशी चार मित्रांबरोबर गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली. श्रावण संपला, ऑफिसची पार्टी आली, माळ खुंटीवर गेली. मग त्या खुंटीकडे बघायचीही लाज वाटते आणि देवळाची पायरीसुद्धा सुटते. माळेबरोबर मांस-मद्य सुटतं, एकादशी येते, वारी येते. आधी हे सगळं वर्षभर माळेशिवाय करून बघा. जमलं तर पुढच्या वर्षी महाराजांसमोर हात जोडा.

माळ तुटली तर अपशकुन समजून घाबरू नका. दोरा जुना झाला की तुटतोच. मणी गोळा करा, पक्क्या दोऱ्यात ओवा, गळ्यात घाला. जुनी माणसं माळ परत गळ्यात पडेपर्यंत जेवत नाहीत, म्हणून आमची आजी एक जादा माळ डब्यात ठेवायची.

‘एवढं करूनही काही होत नाही’

सात-आठ महिन्यांनी हा प्रश्न येतो. सुरुवातीचं भरून येणं थांबतं, अभंग कोरडे वाटतात, आणि माणूस गुरू, मंत्र, देव यांतलं काहीतरी बदलायला निघतो. बदलू नका. तुकोबांच्या गाथेत देव भेटत नाही म्हणून केलेल्या तक्रारींचे अभंग थोडेथोडके नाहीत. तो अनुभव त्यांनाही होता, आणि ते लिहीत राहिले. कोरड्या दिवसांत नेम वाढवूही नका आणि कमीही करू नका. फारच जड झालं तर आठवड्यातून एकदा चार माणसांत जाऊन बसा. एकट्याला न उचलणारा अभंग मंडळीत आपोआप उचलला जातो.

माझं २५ ओव्यांचं हे तिसरं वर्ष. सध्या खूण पुन्हा तेराव्यात आहे, ६२५व्या ओवीवर. काल रात्री पाहुणे होते, साडेअकरा वाजले, तरी २५ झाल्या. दहा मिनिटं लागली.