शिडाच्या होडीतून दिवसभर: आधी परतीचा हिशोब

नकाशा उघडला की बहुतेकांचं बोट आधी जायच्या ठिकाणावर जातं. मी आधी विचारतो: दुपारी चारला वारा कुठून असेल आणि पाणी कुठे ओढत असेल? त्याचं उत्तर मिळेपर्यंत डब्याची चर्चासुद्धा नको.

शक्यतो जाताना वाऱ्यावर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. साधारण 45 अंशांनी तिरकी, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने अशी चढते. म्हणजे होडी 4 नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पळाली तरी वाऱ्यासमोर मिळकत जेमतेम पावणेतीन नॉटची. हे कष्ट सकाळी, अंगात दम असताना उरकावेत. पण सकाळचा वारा दुपारी टिकेलच असं नाही. ऊन चढून जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळी पडतो. त्यामुळे अंदाज बघताना परतीच्या वेळचा वारा बघा.

वारा पाठीशी असताना सगळं फार सोपं वाटतं, तिथेच माणूस फसतो. वारा 12 नॉटचा आणि होडी 4 नॉटने त्याच दिशेने चाललेली असेल, तर अंगाला 8 नॉटचाच लागतो. वळून वाऱ्यावर चढायला लागा, तोच वारा 15 नॉटचा होतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शिडावरचा दाब साडेतीन पट! म्हणून शीड आखूड करायचं ते वळायच्या आधी. ‘करावं का?’ असं मनात आलं की करून टाकावं, चर्चा नंतर.

भरती-ओहोटीचं कोष्टक हवंच. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. ढोबळ हिशोब असा: एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मधल्या दोन तासांत ओढ सहसा सगळ्यात जास्त. त्यात वारा समोरून आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. खाडीच्या तोंडाशी त्या वेळी जाऊच नका.

लाइफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली नको. पाणी, टोपी, वल्ही, पाणी उपसायचं भांडं आणि चॅनल 16 (संकटात हाक मारायचा) लागणारा व्हीएचएफ रेडिओ घ्या. परतायची वेळ किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून ठेवा.

जेवायला नांगर टाकलात तर दोर मोजताना भरतीची खोली धरा. आत्ता 3 मीटर पाणी असेल आणि अजून 2 मीटर चढणार असेल, तर 5 मीटरच्या किमान पाचपट, म्हणजे 25 मीटर दोर सोडा. मग किनाऱ्यावरचं झाड आणि त्यामागचा खांब एका रेषेत धरून बघत राहा. रेषा मोडत गेली तर नांगर सरकतोय.

किनाऱ्याला लागताना वारा समुद्राकडून असेल तर मोठं शीड बाहेरच, वाऱ्याकडे तोंड करून उतरवा. पुढच्या छोट्या शिडावर हळू आत या, आणि पाणी उथळ होऊ लागलं की आधी सेंटरबोर्ड (होडीच्या मधून खाली पाण्यात उतरणारी फळी), मग सुकाणूचं पातं वर ओढा.