पालिकेच्या कामाचे कागद माहिती हक्कातून कसे मिळवावेत

गटारसफाई झाली म्हणून पालिका सांगते, आणि मिरगाच्या पहिल्या सरीला गटार उंबऱ्याशी येतं. नगरसेवकाशी भांडून घसा बसतो, बाकी काही होत नाही. कामाचे कागद काढावेत. गोव्यात हा हक्क तसा जुना: देशाचा कायदा २००५चा, राज्याने आपला १९९७ सालीच केला होता.

१. साधा कागद, पालिकेच्या सार्वजनिक माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, १० रुपये शुल्क. काउंटरवर "कशाला हवं?" विचारलं तर उत्तर देऊ नका. कारण सांगायचं बंधन कायद्यात नाही.

२. मजकूर. इथे बहुतेक जण आपटतात, मीही आपटलो. माझ्या पहिल्या अर्जात होतं: 'आमच्या वाड्यावरचं गटार दरवर्षी का तुंबतं? जबाबदार कोण? कारवाई का झाली नाही?' महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं, की हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. तावातावाने अपील केलं, तेही फेटाळलं. मग कायदा वाचला. चूक माझीच होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली इथल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलंय, की 'का'चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. नोंदीत जे आहे ते मिळतं, खुलासा मिळत नाही.

म्हणून लिहून झालं की अर्जातला प्रत्येक 'का' खोडा. दुसऱ्या खेपेला मी एवढंच लिहिलं: अमुक प्रभाग, अमुक वर्षाची पावसाळ्यापूर्वीची गटारसफाई, वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुकची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) त्या कामाची पानं, ठेकेदाराची मंजूर बिलं, पालिका मंडळाचा ठराव. मेजरमेंट बुक हातात आलं की टेप घेऊन गटारावर उभं राहायचं. आमच्या कामाची नोंद टोकाच्या मोरीपर्यंत होती, आणि गाळ निम्म्या वाटेपासून पुढे हललेलाच नव्हता. 'का'चं उत्तर मिळालं, न विचारता.

अर्ज मराठीत लिहा, पण कागदाला फाइलवर जे नाव असतं तेच वापरा. 'मोजमाप पुस्तिका' लिहून भाषेची सेवा होईल, कागद अडकेल.

आणि 'गेल्या दहा वर्षांचे सगळे कागद मागा' सांगणाऱ्यांचं ऐकू नका. गठ्ठ्याचे पैसे भराल आणि नेमकं पान त्यात नसेल. शेवटी एक ओळ घाला: 'आधी फाइलची पाहणी करायची आहे, हवी ती पानं नंतर सांगेन.' पाहणीचा हक्क कायद्यातच आहे, वापरणारे मात्र थोडे.

३. दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज पोचल्याचा, शिक्का घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही. गटार साबांखाचं (सार्वजनिक बांधकाम खात्याचं) निघालं तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं पालिकेचं काम. तुम्ही नव्याने धावू नका.

४. ३० दिवस थांबा. गप्प बसले तर तो नकारच धरून पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. तिथेही जमलं नाही तर ९० दिवसांच्या आत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. तारखा कॅलेंडरवर लिहा. मुदत उलटल्यानंतर माहिती दिली तर प्रतींचे पैसे घेता येत नाहीत. हे आपण होऊन कुणी सांगणार नाही, तुम्हीच सांगा.