मॅचच्या रात्रीचा मेक्सिकन बेत: मालव्याचा मका, पानाचा चुना आणि साडेसातचा सामना

स्पोर्ट्‌स बारमध्ये माणसं मोठ्या पडद्यासाठी जातात आणि एका हाताने उचलून खाता येईल असं काही मिळतं म्हणून तिथे बसून राहतात. इंदूरच्या घरात या दोन्ही गोष्टी चांगल्या जमतात. मेक्सिकन बेताचा जीव असलेला मका तर आपल्याकडे सियागंजाच्या घाऊक बाजारात पोत्याने मिळतो. खालचं प्रमाण पंधरा माणसांचं आहे आणि सामना संध्याकाळी ७:३० चा टी-ट्वेंटी धरला आहे.

बाजारातली तयार टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पातळ पोळी, बहुधा मैद्याची असते. उत्तर मेक्सिकोत तीही खातात, पण टाकोला, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या टॉर्टियाला, मक्याचीच हवी. आपलं नेहमीचं मक्याचं पीठ इथे चालत नाही. त्यात नुसतं पाणी घातलं तर गोळा धरत नाही, थापताना कडा फुटतात आणि दुमडली की पोळी मोडते. मेक्सिकोत हजारो वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ चिकट होतं आणि मक्यात अडकून राहिलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट जातं.

आदल्या रात्री १ किलो वाळलेला अख्खा मका घ्या. पिवळा चालतो, पांढरा मिळाला तर अधिक चांगला. बियाणं म्हणून विकलेले गुलाबी किंवा निळे रंगवलेले दाणे मुळीच नकोत, त्यांना बुरशीनाशक लावलेलं असतं. स्टीलच्या पातेल्यात ३ लिटर पाणी आणि १० ग्रॅम खाण्याचा कोरडा चुना घाला. पानवाल्याकडचा बिनवासाचा, बिनरंगाचा ओला चुना असेल तर त्यात बरंच पाणी असतं, म्हणून तो २० ते २५ ग्रॅम घ्या. भिंतीचा चुना नको आणि कळीचा चुना घरी विझवण्याच्या भानगडीतही पडू नका, तो उकळून अंगावर उडतो. ॲल्युमिनियमचं पातेलं चुन्याने काळं पडतं आणि धातू अन्नात उतरतो.

उकळी आली की मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं ठेवा. दाणा बोटांत चोळला की साल निसटायला हवं. चावून तोडला तर मधे खडूसारखा कोरडा ठिपका दिसायला हवा. तो ठिपका नाहीसा झाला असेल तर मका जास्त शिजला, मग पीठ गिजगिजीत होणार. गॅस बंद करून, झाकण ठेवून १० ते १२ तास तसंच राहू द्या. सकाळी पाणी ओतून दोनतीनदा धुवा आणि हाताने चोळून साल काढा. थोडं साल राहिलं तरी बिघडत नाही. धुणं कमी पडलं किंवा चुना जास्त झाला तर टॉर्टिया कडवट, साबणासारखी लागते.

वाटायला दगडाचा ग्राइंडर असेल तर उत्तम. मिक्सर असेल तर एका वेळी दोन वाट्या दाणे, तीनचार चमचे थंडगार पाणी, आणि मधे मधे थांबत वाटा. मिक्सर तापला की पीठही तापतं आणि चिवट होतं. पाणी जास्त पडलंच तर मूठभर मक्याचं पीठ मिसळा. मीठ घालून मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाका. सुपारीएवढी गोळी दाबून बघा: कड फुटली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, बोटाला चिकटली तर दहा मिनिटं उघडं ठेवा.

३० ग्रॅमचे गोळे करा, साठेक होतील. दुधाच्या पिशवीचे धुतलेले दोन तुकडे, त्यांत गोळा, वरून जड सपाट तळाचं पातेलं दाबलं की १२ सेंटिमीटरची टॉर्टिया तयार. लोखंडी तवा कडकडीत तापलेला हवा. पहिली बाजू २० सेकंद, दुसरी मिनिटभर, मग उलटून कापडाने हलकं दाबलं की फुगते. तव्यावरून काढलेली लगेच कडक लागेल, घाबरू नका. कापडात गुंडाळून डब्यात पंधरा मिनिटं ठेवली की स्वतःच्या वाफेने मऊ होते. हे काम सहा ते सव्वासातच्या दरम्यान उरका.

आत भरायला राजमा. अर्धा किलो राजमा रात्री भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात कुकरला पाचसहा शिट्ट्या काढा. कच्चट राजम्याने पोट बिघडतं, तेव्हा दाणा बोटाने चिरडायलाच हवा. तेलात लसूण, जिरं आणि कांदा परतून त्यातच राजमा घोटा. सालसासाठी, म्हणजे मेक्सिकन चटणीसाठी, टोमॅटो, कांदा, लसूण आणि हिरव्या मिरच्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा, जाडसर वाटा, लिंबू पिळा. टाकोत घालायच्या कच्च्या कोशिंबिरीला मात्र वाढण्याआधी दहा मिनिटंच मीठ लावा, नाहीतर तिचं पाणी सुटून टाको खालून फाटतो. वरून चिमूटभर जिरावण, म्हणजे आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला, अगदी शोभतं.

नाचोजवर (मक्याच्या कुरकुरीत तिकोनी चिप्सवर) चीज सॉस आणि सालसा आधीच ओतून ठेवू नका, पाच मिनिटांत चिखल होतो. वाट्या वेगळ्या द्या. पेयाला अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत: ४० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या २ लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळा, १५० ग्रॅम साखर घाला, गार करा. मेक्सिकोत हे रोजचं पेय आहे. पंधरा जणांना असं दोनदा करावं लागेल.

आता पडदा. ५५ इंची टीव्हीसमोर पहिली रांग दोन मीटरवर आणि शेवटची साडेतीनच्या पुढे नको, नाहीतर स्कोअर वाचता येत नाही. मोबाइल ॲपवरचं प्रक्षेपण डिशच्या मागे धावतं. शेजारी ‘आउट!’ ओरडतात तेव्हा तुमच्याकडे गोलंदाज अजून धावतच असतो. म्हणून शक्यतो सेट-टॉप बॉक्सच लावा आणि सगळ्यांना स्कोअरची नोटिफिकेशन बंद करायला सांगा. पावसाळ्यात मुसळधार सरीत डिशचा सिग्नल जातो, तेवढ्यासाठी ॲप लॉग-इन करून तयार ठेवा. स्पीकर ब्लूटूथने जोडला तर बॅटचा आवाज चेंडूनंतर येतो, वायरच बरी.

वाढण्याची वेळ सामन्यावर बांधा. टॉसपासून पॉवरप्ले (पहिली सहा षटकं) संपेपर्यंत नाचोज आणि सरबत. पहिला डाव सव्वानऊच्या सुमारास संपतो आणि मध्यंतर जेमतेम वीस मिनिटांचं असतं, तेव्हा अठराव्या षटकातच दोन तवे तापत ठेवा. प्रत्येक टॉर्टिया दहा-दहा सेकंद गरम करून द्या, टाको ज्याचा त्याने भरावा. एकाने सगळे भरायला घेतले तर शेवटच्या माणसाच्या हाती पडेपर्यंत दुसऱ्या डावाचं दुसरं षटक चालू झालेलं असतं.

भारताचा मोठा सामना असेल तर गाड्या राजवाड्यापासून लांबच लावायला सांगा. जिंकल्यावर तिथे गर्दी उसळते आणि मध्यरात्रीपर्यंत गाडी हलत नाही. उरलेल्या टॉर्टियांचे सहा-सहा तुकडे करून रात्रभर पंख्याखाली वाळवा आणि दुसऱ्या दिवशी तळा. ओल्या तळल्या तर तेल पितात आणि चामट होतात.