ठासणीची जुनी नळी फोटोवरून घेताय? या चुका टाळा

गेल्या श्रावणात मंगळवेढ्याच्या मामांनी व्हॉट्सअॅपवर सात फोटो टाकले. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीची नळी, एकनळी, कोकणातल्या कुणाची तरी. "हे बघ की, आरशासारखी चमकतीय. घेऊ का?" मामांकडं पीक संरक्षणाचा परवाना आहे आणि त्यांच्या जुन्या नळीचं बूड गंजानं खाल्लंय. माझं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथचं दुकान आहे. मी मागाचे रॉड, शाफ्ट आणि बुश करतो. त्यामुळं लोखंडाचं काहीही असलं की मामा मला विचारतात.

सातही फोटोंत नळीचं तोंड होतं. बूड एकाही फोटोत नव्हतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. ठासणीची नळी तोंडाकडून सडत नाही, ती बुडाकडून सडते. काळी दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घनरूपात मागं उरतं. ते क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि बुडाच्या डाटेपुढच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या बुचापुढच्या कोपऱ्यात चिकटून बसतात. फडकं नेमकं तिथंच नीट पोचत नाही. तोंडापासून हात-दीड हात नळी गुळगुळीत लागेल आणि शेवटच्या चार बोटांत मसुरीएवढे खड्डे असतील. बार उडतो तेव्हा सगळ्यात जास्त दाब तिथंच असतो आणि चेहरा त्याच्या अगदी जवळ असतो. "आमच्याकडची हवा कोरडी, गंज लागत नाही," असं सोलापूरचाच विकणारा म्हणाला तरी मान डोलवू नका. क्षार उन्हाळाभर गप्प बसतात आणि भाद्रपदात कामाला लागतात.

बुडाचा फोटो मागवून काही कळत नाही, कारण मागची बाजू डाटेनं बंद असते. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आत सोडून थेट डाटेपर्यंतचा व्हिडिओ मागा, मध्ये न तोडलेला. कॅमेरा नसेल तर गजाला घट्ट फडकं गुंडाळून सावकाश आत-बाहेर करायला सांगा. फडकं मध्येच सैल पडलं तर तिथं नळी फुगलीय किंवा खाल्लीय. अडकत चाललं तर आत खरबरीत आहे. तांबूस होऊन आलं तर गंज अजून चालू आहे.

फुगा हा दुसरा छुपा दोष. गोळी दारूवर नीट न बसवता मध्येच पोकळी ठेवून बार काढला की त्या जागी नळी कड्यासारखी ताणली जाते. आत एक काळसर वर्तुळ दिसतं. बाहेर बोटाला बारीक उंचवटा लागतो, पण फोटोत तो दिसत नाही. नळीवर स्टीलची पट्टी उभी धरून मागून बॅटरी लावायला सांगा, फट कुठं पडते ते व्हिडिओत कळतं.

चमक बघून तर आधी शंका घ्या. जुन्या लोखंडावर ताजं काळं-निळं ब्लूइंग, कडा गोल झालेल्या, छाप अर्धवट पुसलेले, म्हणजे कुणीतरी पॉलिश पेपर आणि बफिंग मारलंय. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ सालचं. तिथं किंवा बेल्जियमच्या लिएजमध्ये जास्तीचा बार उडवून नळी तपासायचे आणि मग छाप मारायचे. त्या दिवशीच्या जाडीला मारलेला तो छाप घासून गेला असेल तर जाडीही गेली. खड्ड्यांत इपॉक्सी किंवा कथील भरून वर रंग मारलेल्या नळ्याही असतात. केप, म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं ठिणगी देणारी टोपी, बसते ते निप्पल नवं आणि नळीतले त्याचे आटे जुने, ढिले, हाही नेहमीचा प्रकार. निप्पल काढून आट्यांचा जवळून फोटो मागा.

चीर शोधायला माझ्याकडं डाय पेनिट्रंट आहे. लाल रंग फवारा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा, चीर रक्ताच्या रेघेसारखी उमटते. शाफ्टवर आम्ही ती चाचणी नेहमी करतो. पण मामांची नळी मी हातात घेणार नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणं बंदुकीचा सुटा भागही बंदुकीतच मोजतात, आणि तिची दुरुस्ती सोडाच, चाचणी करायलाही परवाना लागतो. ते काम परवानाधारक गनस्मिथचं. "फक्त नळी आहे, पार्सलनं पाठवतो," म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवा. दोन परवानाधारकांतल्या विक्रीतही विकणाऱ्यानं आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. "शोभेची आहे" हा बहाणा दुरुस्त करूनही न उडणाऱ्या शस्त्रालाच चालतो. आणि डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हे मामांना मी दर वर्षी सांगतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. नळी भरलेली आहे का, हे कुणी विचारतच नाही. मी मामांना म्हटलं, विकणाऱ्याला सांगा, आधी केप काढलीय ते दाखवा. मग तोंड स्वतःपासून लांब ठेवून लाकडी गज हलक्या हातानं आत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावा. खूण डाटेच्या पुढच्या टोकाशी, म्हणजे निप्पलच्या आसपास यायला हवी. व्हिडिओ आला. गज निप्पलच्या आठ सेंटीमीटर अलीकडंच थांबला होता.

"कचरा असेल," विकणारा म्हणाला.

काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान् पिढ्या जिवंत राहते. मी मामांकडून त्याला निरोप दिला: ठोकू नका, गरम करू नका, ड्रिल लावू नका, गनस्मिथकडं न्या आणि आत भार असू शकतो हे आधी सांगा. चार दिवसांनी त्याचा मामांना फोन आला, आवाज उतरलेला. पाणी सोडून, भिजवून, स्क्रूच्या गजानं आधी चिंधी निघाली, मग मूठभर छर्रे, मग काळा चिखल. ती बंदूक त्यांच्या पडवीत वडिलांच्या काळापासून टांगलेली होती आणि पोरं घोडा ओढून खेळायची.

मामांनी नळी घेतली नाही. मक्याला सध्या झटका मशीनची तार आहे.